पाचपैकी पाच

ऑफिसातल्या कर्मचारी समाधानाच्या सर्व्हेचा शेवटचा दिवस होता. लिंक संध्याकाळी बंद होणार होती आणि दुपारनंतर आठवणीची मेल पुन्हा पुन्हा येत होती, मजकूर तोच, फक्त विषयाच्या ओळीतली उद्गारचिन्हं वाढत चाललेली. माझ्या शेजारी बसणारा सहकारी ते एकदाचं उरकायला बसला. मी मुद्दाम बघत नव्हतो, पण दोन टेबलांच्या मध्ये आडोसा नसला की डोळे जातातच. तो प्रश्न वाचत नव्हता. माउसच्या टिचक्या एका लयीत पडत होत्या आणि प्रत्येक टिचकी सगळ्यात उजवीकडच्या गोलावर. 'माझं काम मला आवडतं', पूर्णपणे सहमत. 'माझ्या कामाची दखल घेतली जाते', पूर्णपणे सहमत. 'माझे वरिष्ठ माझं म्हणणं ऐकून घेतात', इथे क्षणभर हात थांबल्यासारखा वाटला, पण नाही, फक्त पान खाली सरकत होतं. तिथेही पूर्णपणे सहमत. हाच गृहस्थ त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत याच वरिष्ठांबद्दल तावातावाने बोलला होता, आणि ते बोलणं पाचपैकी दीडच्या वर जाणारं नव्हतं.

"सगळे पाच?" मी विचारलं.

"मग काय! साहेबाच्या अप्रेझलला हा आकडा धरणार आहेत या वर्षी," तो म्हणाला. "माणूस वाईट नाही रे तो. त्याला वरून दाबतात, तो आपल्याला दाबतो. त्याचा बोनस घालवून मला काय मिळणार आहे?"

त्याने शेवटचं बटण दाबलं. पडद्यावर रंगीबेरंगी कागदाचे कपटे उडाले, 'तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे' असं आलं आणि तो उठून पाणी प्यायला गेला.

हे माझ्या डोक्यातून जाईना. लोक अशा सर्व्हेत खरं लिहीत नाहीत यात नवीन काही नाही. ते का लिहीत नाहीत याचं उत्तरही मला माहीत आहे असं मी धरून चाललो होतो. भीती. आपलं नाव कळेल, कोणीतरी डूख धरेल, पुढच्या वेळी पगारवाढीत दिसेल. पण या माणसाच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. त्याने ज्याला दुपारी मनसोक्त नावं ठेवली, त्यालाच संध्याकाळी वाचवलं होतं. शिव्या देण्याचा हक्क स्वतःकडे ठेवून बाहेरच्यांसमोर घरच्याची बाजू घ्यावी, तसं. आणि आपण कंपनीला खोटी माहिती दिली असं त्याला जराही वाटत नव्हतं. त्याच्या लेखी त्याला विचारलेला प्रश्नच वेगळा होता. पडद्यावर होतं, 'तुम्ही समाधानी आहात का?' त्याने वाचलं, 'या माणसाचे पैसे कापायचे का?' आणि त्या प्रश्नाचं त्याने अगदी प्रामाणिक उत्तर दिलं होतं.

हे मला जरा जास्तच लागायचं कारण म्हणजे तो आकडा पुढे माझ्याकडे येतो. कंपनीची तिमाहीची कामगिरी एका पानावर बसवणं हे माझं काम. वेळेवर गेलेल्या ऑर्डरी, परत आलेला माल, ग्राहकांच्या तक्रारी, थकलेली बिलं, अशा ओळी वरून खाली येतात, प्रत्येक ओळीपुढे लक्ष्य, प्रत्यक्ष आकडा आणि हिरवा, पिवळा किंवा तांबडा ठिपका. सगळ्यात खाली 'कर्मचारी समाधान'. बाकीच्या ओळींचे आकडे कुठल्या ना कुठल्या नोंदवहीतून येतात. माल परत आला तर तो फाटकातून आत येतो, तिथे त्याची नोंद होते. आपण परत गेलो तर कोणाला वाईट वाटेल याचा विचार मालाला नसतो. शेवटच्या ओळीचं तसं नाही. तापाच्या पाऱ्याला डॉक्टरांची काळजी नसते. इथला पारा मात्र आपल्याकडे कोण बघतंय, का बघतंय आणि बघून काय करणार आहे याचा अंदाज घेतो आणि मग किती चढायचं ते ठरवतो.

ही ओळ त्या पानावर आली कशी, याला इतिहास आहे. १९९२ साली हार्वर्डचे प्राध्यापक रॉबर्ट कॅप्लन आणि सल्लागार डेव्हिड नॉर्टन यांनी बॅलन्स्ड स्कोअरकार्ड मांडला. निव्वळ नफा-तोट्यावर कंपनी चालवणं म्हणजे घडून गेलेल्या गोष्टींकडे बघत चालणं आहे, तेव्हा ग्राहक, आतली कामाची पद्धत आणि माणसांचं शिकणं-वाढणं यांचीही मोजदाद शेजारी ठेवा, असं त्यांचं म्हणणं. शहाणपणाचं होतं. दोन वर्षांनी, १९९४ मध्ये, हार्वर्डच्याच काही प्राध्यापकांनी साखळी जोडून दाखवली: कर्मचारी खूश, म्हणून ग्राहक खूश, म्हणून नफा. आणि १९९८ मध्ये सिअर्स या अमेरिकेतल्या मोठ्या दुकानसाखळीच्या वरिष्ठांनी तर हिशेबच छापला. कर्मचाऱ्यांच्या मनोवृत्तीचा आकडा ५ एककांनी वाढला की ग्राहकांचं मत १.३ एककांनी वाढतं आणि त्यातून विक्रीच्या वाढीत ०.५ टक्क्यांची भर पडते. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार आवडलं होतं. आवडण्यासारखंच आहे ते. माणसांशी नीट वागा असं सांगायला एरवी नीतीचा आधार घ्यावा लागतो आणि मीटिंगमध्ये नीतीचं कोणी ऐकत नाही. इथे तेच म्हणणं दशांश चिन्हासकट तयार होतं. त्याच सिअर्सने २०१८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याचा दोष त्या हिशेबावर टाकणं अन्यायाचं होईल, मध्ये वीस वर्षं गेली होती, मालकी बदलली होती, लोकांच्या खरेदीची तऱ्हाच बदलली होती. पण १.३ हा आकडा इतक्या ठामपणे डोळ्यासमोर आला की आपण किती पटकन विश्वास ठेवतो, हे मला तेव्हापासून कळलंय.

अभ्यासकांचं यावर कधीच एकमत नव्हतं. समाधानी माणूस जास्त काम करतो हे सगळ्यांना इतकं उघड वाटायचं की ते तपासायचीच गरज कोणाला भासत नसे. १९५५ मध्ये ब्रेफिल्ड आणि क्रॉकेट या दोघांनी तोवरचा पुरावा एकत्र करून पाहिला आणि संबंध जेमतेमच आहे असं लिहिलं. १९८५ मध्ये आणखी मोठा आढावा झाला, त्यात सहसंबंध (शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण) ०.१७ निघाला. मग २००१ मध्ये टिमथी जज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३१२ नमुने, ५४ हजारांवर माणसं असा पसारा घेऊन पुन्हा हिशेब केला आणि तो ०.३० वर आला. ज्यांना आकड्यांचं वावडं नाही त्यांनी या ०.३० चा वर्ग करून बघावा: ०.०९. माणसामाणसांच्या कामगिरीत जो फरक दिसतो त्यातला नऊ टक्के भाग समाधानाशी जुळतो, उरलेला एक्क्याण्णव टक्के कशाकशाशी. नऊ टक्के हे काही थोडे नव्हेत, पण सगळ्यात खालच्या ओळीपासून वर नफ्याकडे ज्या जाड बाणाने आपण स्लाइडवर रेघ ओढतो, तेवढे जाडही नव्हेत. २००३ मध्ये बेंजामिन श्नायडर यांनी ३५ कंपन्यांची अनेक वर्षांची आकडेवारी घेऊन आधी काय आणि नंतर काय ते शोधलं, तर कंपनीची आर्थिक स्थिती आधी सुधारते आणि माणसांचं समाधान मागून येतं, हा संबंध उलट्यापेक्षा जास्त पक्का निघाला. कंपनीचं बरं चाललेलं असलं की आत बसणाऱ्यालाही बरं वाटतं, एवढी साधी गोष्ट. म्हणजे आमचा बाण कदाचित उलटाच काढायला हवा. हे मी एकदा मीटिंगमध्ये म्हणून बघितलं. "इंटरेस्टिंग आहे," असं म्हणून पुढची स्लाइड लावली गेली.

जाता जाता आणखी एक. १९८९ मध्ये लहानपणापासूनच वेगळ्या घरांत वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांचा अभ्यास झाला, ३४ जोड्यांचा. नोकरीतल्या समाधानातला साधारण तीस टक्के फरक जन्माबरोबर येत असावा, असा त्याचा निष्कर्ष. म्हणजे ज्या मॅनेजरला बोनसची खात्री हवी असेल त्याने मुलाखतीतच हसतमुख माणसं निवडून घ्यावीत, पुढे फारसं काही करायला नको.

तर ते पाच गोल. ते अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्टचे. १९३२ सालच्या त्याच्या प्रबंधात त्याने आंतरराष्ट्रीय संबंध, वंशभेद अशा प्रश्नांवर विद्यार्थ्यांची मतं मोजायला ही पाच पायऱ्यांची रीत काढली, आणि ती इतकी सोपी होती की आज टॅक्सीतून उतरलं तरी समोर येते. पुढे १९५५ मध्ये कुनिन नावाच्या संशोधकाने शब्दही काढून टाकले आणि चेहरे काढले, रडव्यापासून हसऱ्यापर्यंत; तुमच्या मनासारखा चेहरा निवडा. चेहऱ्यांचा तो मुळातला विचार मला खरोखर सुंदर वाटतो, कारण माणूस शब्दांत अडकतो तसा चेहऱ्यात अडकत नाही. पण त्या चेहऱ्यांतही मधला एक असतोच, तोंड सरळ रेघेसारखं असलेला. आमच्याकडचे आकडे बघताना माझी नजर सगळ्यात जास्त त्या मधल्या तीनवर जाते. त्या तीनमध्ये कोण कोण बसलेलं असतं! ज्याला खरंच काही वाटत नाही तो. ज्याला प्रश्न कळला नाही तो. ज्याला एक द्यायचा होता पण धीर झाला नाही तो. 'एका बाबतीत पाच, दुसऱ्या बाबतीत एक' असा मनातल्या मनात मेळ घालणारा. आणि वाचून कंटाळलेला. हे सगळे मिळून सरासरीत एकच माणूस होतात आणि त्या माणसापुढे मी पिवळा ठिपका देतो.

'सर्व्हे पूर्णपणे गोपनीय आहे' हे वाक्य पहिल्याच पानावर ठळक असतं. त्याच्या खाली लगेच विभाग, वयोगट, कंपनीतली वर्षं, पद आणि स्त्री की पुरुष. चौथ्या टिचकीला माणूस सापडतो. नियम आहेत, नाही असं नाही. पाचांपेक्षा कमी जणांनी भरलं असेल तर त्या गटाचा निकाल वेगळा दाखवायचा नाही, असा बहुतेक ठिकाणी दंडक असतो आणि तो आम्हीही पाळतो. पण तो दंडक सरासरीसाठी. खाली मोकळ्या चौकटीत दोन ओळी लिहिल्या की त्या कोणाच्या आहेत ते त्याच विभागातल्या माणसाला वाचताक्षणी कळतं, प्रत्येकाची वाक्यं वेगळी असतात. आणि लिहिणाऱ्यांनाही हे ठाऊक असतं. एरवी शुद्धलेखनाच्या बाबतीत कडक असलेली एक सहकारी त्या चौकटीत मुद्दाम दोन-तीन चुका करते, हे तिनेच मला हसत हसत सांगितलं. तिचा आवाज कळू नये म्हणून. कंपनी म्हणते तुमचा आवाज आम्हाला ऐकायचाय, आणि ती आपला आवाज बदलून बोलते.

माणसांना विचारण्याचा याहून मोठा खटाटोप शंभर वर्षांपूर्वी झाला होता. शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न कारखाना होता. तिथे १९२४ पासून जे प्रयोग झाले त्यातला दिव्याचा उजेड कमी-जास्त करून काम वाढतं का ते बघण्याचा सगळ्यांना माहीत असतो. मला त्याच्यानंतरचा भाग जास्त ओढतो. १९२८ ते १९३० या काळात तिथल्या २१ हजारांहून जास्त कामगारांशी एकेकट्याने बोलणं झालं. सुरुवातीला ठरलेले प्रश्न होते: देखरेख कशी आहे, जागा कशी आहे, काम कसं आहे. लोक भलतंच बोलायचे. प्रश्न साहेबाबद्दल आणि उत्तर घरातल्या आजारपणाबद्दल. मग त्यांनी प्रश्नच सोडून दिले आणि समोरचा बोलेल ते ऐकून लिहून घ्यायला लागले. अर्ध्या तासाची मुलाखत दीड तासावर गेली. एका बाईला तिचा साहेब का आवडत नाही हे खूप बोलल्यावर तिचं तिलाच उमगलं, तो तिच्या सावत्र बापासारखा दिसायचा. दुसऱ्या एका बाईने जेवणाची तक्रार केली आणि काही दिवसांनी सुधारणा झाल्याबद्दल मुलाखत घेणाऱ्याचे आभार मानले. जेवणात काहीही बदललेलं नव्हतं. हे वाचून हसू येतं, आणि मग जरा भीतीही वाटते. नुसतं ऐकून घेतल्याने जर माणूस निवत असेल, तर ऐकून घेणं हा सगळ्यात स्वस्त उपाय ठरतो. पुढे कित्येक ठिकाणी तसाच तो वापरला गेला. कानाला लागून बसायचं, मान हलवायची, वही मिटायची.

त्याच हॉथॉर्नमधली एक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. १९२७ मध्ये टेलिफोनचे रिले, म्हणजे विजेवर चालणारे छोटे स्विच, जोडणाऱ्या पाच मुली आणि त्यांना सुटे भाग देणारी एक अशा सहाजणींची वेगळी खोली केली होती. विश्रांतीच्या वेळा बदलल्या, कामाचे तास बदलले, आणि उत्पादन वाढत गेलं. आपल्याकडे कोणी लक्ष देतंय म्हणून त्या खूश होत्या आणि खूश म्हणून काम जास्त, असा त्याचा अर्थ पुढे पाठ्यपुस्तकांतून शिकवला गेला. पण जानेवारी १९२८ मध्ये त्या पाचांपैकी दोघींना काढून त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी आणल्या होत्या. आरोप असा की त्या फार बोलतात, सांगितलेलं ऐकत नाहीत. अॅलेक्स कॅरी नावाच्या अभ्यासकाने १९६७ मध्ये हे पुन्हा उकरून काढलं आणि दाखवलं की उत्पादनातली मोठी उडी ही माणसं बदलल्यानंतरची आहे. समाधानी माणसांच्या सगळ्यात प्रसिद्ध खोलीतून असमाधानी दोघी आधीच बाहेर गेलेल्या होत्या.

त्या दोघींना कोणी विचारलं का, ते मला कुठे वाचायला मिळालं नाही.

हे वाचलं आणि मला आमचाच एक विभाग आठवला. तिथला समाधानाचा आकडा एका वर्षात इतका चढला की विभागप्रमुखांचा सगळ्यांसमोर सत्कार झाला, बाकीच्यांनी त्यांच्याकडून शिकावं असं सांगण्यात आलं. मी ते पान तयार केलेलं असल्यामुळे मला पानावर न आलेला एक आकडाही दिसत होता: त्याच वर्षात त्या विभागातून नोकरी सोडून गेलेल्यांची संख्या. गेले ते कोण होते हे मला तोंडपाठ होतं, कारण मागच्या सर्व्हेत सगळ्यात लांब टिप्पण्या त्यांच्याच विभागातून आल्या होत्या. पुढच्या टाळ्यांच्या आवाजात मी साधा हिशेब करत बसलो होतो. एक आणि दोन देणारे निघून गेले की कोणाच्याही मनात तसूभर बदल न होता सरासरी चढते. उरलेले काल जेवढे समाधानी होते तेवढेच आजही. किंवा जे गेले त्यांचं काम वाट्याला आल्यामुळे जरा कमीच. जे राहिले त्यांना विचारून, जे गेले ते का गेले हे कळत नाही, आणि जे गेले त्यांची मुलाखत जायच्या दिवशी होते, तेव्हा त्यांना अनुभवाचं पत्र आणि राहिलेला पगार हवा असतो. त्या दिवशी सगळेच 'नवी संधी' असं कारण लिहितात.

सत्कार झालेल्या त्या गृहस्थांनी काही लबाडी केली होती असं मला म्हणायचं नाही. त्यांना ते कळलंही नसेल. त्यांच्या दृष्टीने भांडखोर लोक गेले, वातावरण निवळलं, काम सुरळीत झालं. आणि खरं सांगायचं तर झालंही असेल.

अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये मांडलं होतं की एखादी संस्था घसरायला लागली की आतल्या माणसापुढे दोन वाटा असतात: बाहेर पडणं किंवा बोलणं. ज्याची संस्थेवर निष्ठा जास्त तो आधी बोलून बघतो. या नजरेने बघितलं की मोकळ्या चौकटीत दहा ओळी संतापून लिहिणारा माणूस अजून आतलाच असतो. त्याला काहीतरी बदलेल असं वाटतंय, नाहीतर संध्याकाळी घरी जायचं सोडून कोण टाइप करत बसेल? आकड्यांत मात्र त्याची किंमत उणे. आणि ज्याने बोलायचं सोडून दिलंय, रात्री दुसरीकडे अर्ज पाठवतोय, तो शांतपणे चार देऊन मोकळा होतो.

याहून अवघड जात आणखी एक आहे. अग्नेस ब्रुगेमान या संशोधिकेने १९७४ मध्ये समाधानाचे प्रकार पाडले. त्यातला एक मला स्वतःच्या ऑफिसात रोज दिसतो. माणसाला जे हवं होतं ते मिळत नाही, मग तो हळूहळू हवं असणंच कमी करतो, आणि एका टप्प्यावर मिळतंय ते आणि हवंय ते एका पातळीवर येतं. तो समाधानी होतो. खोटं नाही, खरोखरच होतो. सर्व्हेत तो चार देतो, कधी पाच. त्याच्या उलट तिने एक असमाधानही सांगितलं आहे, ज्याची अपेक्षा खाली आलेली नाही आणि जो परिस्थिती बदलायच्या मागे आहे. तो दोन देतो. आता सांगा, कंपनीची कामगिरी सुधारायची तर यातला कोण हवा? मी पंधरावीस माणसांच्या खोलीत हा प्रश्न टाकला असता तर सगळ्यांनी दुसऱ्याचंच नाव घेतलं असतं. आणि आमच्या पानावरचं लक्ष्य सगळ्यांना पहिल्यासारखं करा असं सांगतं.

एवढं सगळं लिहूनही हा सर्व्हे बंद करा असं माझ्याच्याने म्हणवत नाही. कोणी काही विचारतच नव्हतं तेव्हाच्या नोकऱ्या मी पाहिल्या आहेत. तिथे वरच्यांना खालचं काय कळायचं तर साहेबांच्या मर्जीतल्या दोघा-तिघांकडून, आणि ते दोघं-तिघं काय सांगायचे हे नव्याने सांगायला नको. शिवाय कधीकधी हा आकडा खरंच काहीतरी धरून देतो. आमच्या एका सर्व्हेत 'काम करायला लागणारी साधनं मला वेळेवर मिळतात' या एका विधानाला रात्रपाळीच्या लोकांनी सरसकट एक आणि दोन दिले होते. दिवसपाळीत तोच प्रश्न मजेत चारवर. इतका फरक बघून कोणीतरी विचारायला गेलं. निघालं काय, तर पासवर्डची मुदत रात्री बाराला संपायची, आणि तो बदलून देणारं मदतकक्ष सकाळी उघडायचं. ज्याची मुदत संपेल तो पहाटेपर्यंत दुसऱ्याच्या नावाने काम करायचा, नाहीतर हात बांधून बसायचा. वर्षानुवर्षं. कोणी सांगितलं नव्हतं कारण सांगायचं कोणाला हेच माहीत नव्हतं. मुदत संपायची वेळ सकाळी अकरावर नेली आणि विषय संपला.

त्यानंतर रात्रपाळीचे लोक कंपनीच्या प्रेमात पडले असं काही झालं नाही. फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये दोनशे तीन इंजिनिअर आणि हिशेबनिसांशी बोलून हेच म्हटलं होतं, की पगार, जागा, नियम, देखरेख यांचा जाच दूर केला तर चिडचिड थांबते. त्यापुढचं समाधान मात्र कामातूनच यावं लागतं. त्याच्या पद्धतीवर नंतर पुष्कळ टीका झाली आणि तीतली बरीचशी रास्त आहे. पण चिडचिड थांबवणं ही गोष्ट छोटी आहे का? मला तरी नाही वाटत. पासवर्डचा तो प्रश्न चांगला होता कारण तो एका वस्तूबद्दल होता, त्याचं उत्तर खरं दिल्याने कोणाचा बोनस जाणार नव्हता आणि ऐकणाऱ्याच्या हातात ते दुरुस्त करण्याची किल्ली होती. 'एकंदरीत तुम्ही किती समाधानी आहात?' या प्रश्नात यातलं काहीच नाही. तरी पानावर जातो तो हाच.

वार्षिक आढाव्याच्या मीटिंगमध्ये या ओळीचं लक्ष्य वाढवायचा विषय निघाला तेव्हा मी म्हटलं, मॅनेजरच्या बोनसमधून ती काढून टाका. आकडा ठेवा, पण त्याच्या शेजारी आणखी तीन ठेवा: सोडून कोण गेलं, बदली कोणी मागितली, आणि मागच्या वेळच्या टिप्पण्यांपैकी किती जणांना उत्तर मिळालं. एचआरच्या मॅडम लगेच म्हणाल्या, "मग मॅनेजरला जबाबदार कसं धरायचं? जे बोनसमध्ये नाही तिकडे कोणी बघत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे." खरं आहे ते. माझ्याकडे त्याला पुरतं उत्तर नव्हतं आणि आजही नाही. बोनसला बांधलं की आकडा खोटा होतो, सोडलं की तो कोणी वाचत नाही. तासभर चर्चा होऊन शेवटी कंपन्यांमध्ये होतं तेच झालं. बोनसमधला वाटा निम्म्यावर आणला आणि एका विभागात टिप्पण्यांना लेखी उत्तरं देऊन बघायचं ठरलं.

त्या विभागाच्या प्रमुख बाईंनी ते काम मनावर घेतलं. बऱ्याच उत्तरांत 'नाही' होतं. शनिवारी सुट्टी मिळेल का? नाही, कारण ग्राहकाशी केलेल्या करारात सहा दिवस आहेत. तो करार कधी संपतो ती तारीख पुढे दिलेली. बढतीचे निकष जाहीर करणार का? हो, आणि खाली निकष. नव्या सॉफ्टवेअरमुळे काम दुप्पट झालंय, याला उत्तर होतं, 'मला हे माहीत नव्हतं, मी या आठवड्यात तुमच्या शेजारी बसून बघते.' त्या खरंच जाऊन बसल्या. नोटीस बोर्डापुढे उभे राहून लोक ती उत्तरं वाचत होते, एकमेकांना दाखवत होते, वाद घालत होते.

पुढच्या सर्व्हेत त्या विभागाचा आकडा खाली आला. चांगलाच. टिप्पण्या मात्र आधीपेक्षा कितीतरी जास्त, लांबलचक, काही तर मुद्दे घालून लिहिलेल्या, आणि दोघांनी खाली चक्क नाव घातलेलं. माझ्या पानावर त्या ओळीपुढे तांबडा ठिपका लागला. तांबडा लागला की शेजारच्या रकान्यात कारण लिहावं लागतं. मी लिहिलं, 'लोक खरं सांगू लागले आहेत.' एचआरच्या मॅडमनी पान वर जाण्याआधी ते खोडलं आणि तिथे लिहिलं, 'नमुना लहान'.